रविवार मोजत नाहीत

उपवासकाळात मी चहा सोडतो. हे वाक्य गेली वीस-बावीस वर्षं मी ज्याला त्याला ऐकवत आलो आहे. पण ते ऐकून माझ्याकडे आदराने पाहणारा एकही इसम मला अजून भेटलेला नाही. दारू सोडली, तंबाखू सोडली असं सांगणाऱ्या माणसाभोवती एक वलय असतं. चहा सोडणाऱ्याजवळ फक्त त्याची डोकेदुखी असते.

'तुमच्यातही उपास असतात?' हा प्रश्न मला फोर्टातल्या कचेरीत दर वर्षी एकदा तरी विचारला जाई. असतात. राखेच्या बुधवारी लागतात आणि ईस्टरच्या आदल्या रात्री सुटतात. प्रभू येशूने अरण्यात चाळीस दिवस उपवास केला, म्हणून आमचेही चाळीस. पण कॅलेंडर घेऊन मोजायला बसाल तर ते शेहेचाळीस भरतात. लहानपणी मी ते मोजले होते आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात उभं राहून बाईंना तसं सांगितलंही होतं. माझा स्वभाव तेव्हापासूनच हिशेबनिसाचा. बाई शांतपणे म्हणाल्या, "मधले सहा रविवार वजा कर. रविवार पुनरुत्थानाचा दिवस, आनंदाचा. तो उपवासात मोजत नाहीत."

ही वजावट मला इतकी पसंत पडली की धर्मशिक्षणातलं बाकीचं पुष्कळसं विसरलो तरी तेवढं कलम पक्कं लक्षात राहिलं. सोमवार ते शनिवार मी चहा पीत नाही. रविवारी पहाटे साडेपाच वाजता पातेलं घेऊन गॅसजवळ उभा असतो, आणि रात्री झोपेपर्यंत सहा दिवसांची थकबाकी वसूल करतो. आमच्या हिचं म्हणणं असं की, "तुम्ही चहा सोडता आणि प्रायश्चित्त आम्ही करतो." कारण बिनचहाचा मी सकाळी दहापर्यंत कुणाशी धड बोलत नाही, आणि दहानंतर जे बोलतो त्यापेक्षा न बोललेलं बरं असं घरच्यांना वाटतं.

आम्ही वसईचे. 1534 पासून इथे पोर्तुगीज होते. 1739 साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले. पण देवळं राहिली आणि आम्हीही राहिलो. 'देवळं' हा शब्द चुकून लिहिलेला नाही. आमच्याकडची जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. घरात कादोडी बोली, देवळात मराठी, कचेरीत इंग्रजी आणि विरार लोकलमध्ये दाराशी उभं राहून त्या वेळी जी सुचेल ती, असा आमचा भाषिक संसार. घरातलं बोलणं मी इथे मुद्दामच साध्या मराठीत लिहितो आहे. कादोडीत लिहिलं तर ते आमच्या चार-दोन गावांनाच कळेल, आणि त्या गावांना तर ही हकीगत आधीपासून ठाऊक आहे.

कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर एक जोशी बसत. त्यांना माझ्या धर्माविषयी अमाप कुतूहल. मी मराठीत प्रार्थना करतो हे कळल्यावर ते खुर्चीतून अर्धे उठले होते. मी त्यांना म्हटलं, "जोशीबुवा, तुमच्या ज्ञानोबांच्या भाषेत आमच्या प्रभूची कथा ओवीबद्ध होऊन 1616 साली छापूनसुद्धा झाली. लिहिणारा इंग्रज, फादर स्टीफन्स. गोव्यात राहून मराठी शिकला आणि 'ख्रिस्तपुराण' लिहिता झाला." जोशी म्हणाले, "इंग्रज मराठी शिकला? आता आमचा नातू शिकत नाही." आणि उठलेले अर्धे परत बसले.

मराठी पुराण असलं तरी देवळातली मिस्सा मात्र माझ्या लहानपणी लॅटिनमध्ये असे. फादर वेदीकडे तोंड करून, म्हणजे आमच्याकडे पाठ करून बोलत, आणि आमची आई शेवटच्या बाकावरून अस्खलित लॅटिनमध्ये उत्तरं देई. तिला सही करता येत नसे. 1962 ते 65 मध्ये रोमला धर्मपरिषद भरली, तिथे लोकभाषेला मोकळीक मिळाली आणि पुढे आमची मिस्सा मराठीत आली. आई थोडी नाराजच झाली. "आता सगळं कळतं," म्हणाली. तिच्या मते देवाशी बोलताना थोडं न कळलेलं बरं.

राखेच्या बुधवारी फादर अंगठ्याने कपाळावर राखेचा क्रूस काढतात. माणूस मातीचा आहे, मातीतच जायचा आहे, ही आठवण त्याला द्यायची. ही आठवण घेऊन मी सकाळची लोकल पकडत असे, आणि वसई रोड ते चर्चगेट एवढ्या प्रवासात कोणी ना कोणी सज्जन गृहस्थ रुमाल काढून म्हणे, "साहेब, कपाळाला काळं लागलंय." एकाने तर मी काही बोलायच्या आत स्वतःच्या रुमालाने ते पुसलं. भाईंदरच्या खाडीवर माझी नश्वरता पुसली गेली. जोशींना मात्र सांगावं लागलं नाही. पहिल्या वर्षीच त्यांनी कपाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "भस्म ना? बसा." 2024 साली हा बुधवार नेमका चौदा फेब्रुवारीला आला होता. त्या संध्याकाळी आमच्या आळीतली काही तरुण मुलं एका हातात गुलाब आणि कपाळावर मृत्यूची आठवण घेऊन हिंडताना मी पाहिली. माझ्या अनुभवाप्रमाणे प्रेमप्रकरणाची यापेक्षा योग्य सुरुवात असू शकत नाही.

आता उपवासाचं कायदेशीर स्वरूप. चाळीसही दिवस पोट मारणारी माणसं आमच्या आजीबरोबर गेली. 1966 साली पोप सहावे पॉल यांनी नियम सैल केले. आता सक्तीचे उपवास दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. त्या दिवशी एक वेळ पोटभर जेवायचं आणि इतर दोन वेळा थोडं खायचं. ती दोन 'थोडी' मिळून एका जेवणाइतकी होता कामा नयेत. आमच्या घरी या बेरजेवरून दर वर्षी वाद होतो. हे बंधन अठराव्या वर्षापासून वयाची एकोणसाठ वर्षं पूर्ण होईपर्यंत. मी त्यातून मोकळा झालो त्याच वर्षी डॉक्टरांनी रक्तातली साखर तपासली, आणि चर्चने जे वर्षातून दोन दिवस सांगितलं होतं ते त्यांनी तीनशे पासष्ट दिवस सांगितलं. तेही रविवार न वगळता.

मांस वर्ज्य करण्याला मात्र निवृत्ती नाही. चौदाव्या वर्षापासून आमरण. पण मांस म्हणजे मटण, कोंबडी, डुक्कर. मासळी चालते. हा नियम ज्यांनी केला त्यांनी वसईचा मासळीबाजार पाहिलेला नसावा. उपवासकाळातल्या शुक्रवारी आमच्याकडे माणसं जड अंतःकरणाने मटणाकडे पाठ फिरवतात आणि सुरमईच्या रांगेत उभी राहतात. त्या दिवशी कोळणीचा भाव ऐकला की खरं प्रायश्चित्त घडतं. आमची आई म्हणायची, "पापलेट खाऊन क्रूस वाहणारी माणसं तुम्ही." ती स्वतः चाळीस दिवस सुकटीवर काढायची. त्या सुकटीचा वास सगळ्या घराला लागायचा, त्यामुळे तिचा त्याग गुप्त राहत नसे. पण तो तिचा दोष नव्हता.

एरवी ज्याचा त्याचा त्याग ज्याच्या त्याच्या सोयीने चालतो. आमची ही टीव्हीवरच्या मालिका सोडते आणि चाळीस दिवसांत काय झालं ते ईस्टरनंतर शेजारणीकडून चार दिवसांत ऐकून घेते. नातू मोबाइलवरचे खेळ सोडतो. म्हणजे मोबाइल चार्जिंगला लावलेला असताना तो खेळत नाही. शुक्रवारी संध्याकाळी क्रुसाची वाट असते. येशूच्या शेवटच्या प्रवासाची चौदा स्थानं, आणि प्रत्येक स्थानाशी गुडघे टेकायचे. लहानपणी मी हे एका दमात करत असे. आता सातव्या स्थानाशी, जिथे प्रभू दुसऱ्यांदा पडतात, मलाही त्यांची बरीच सोबत होते.

इथपर्यंत मी तुम्हाला जे सांगितलं ते सगळं खरं आहे; पण जे सांगायचं होतं ते हे नव्हे. ते एका माडाबद्दल आहे.

आमच्या वडिलांनी विहिरीच्या अंगाला एक माड लावला होता. ते होते तोवर तो नुसता माड होता. ते गेले, माझ्यात आणि थोरल्या भावात वाडीची वाटणी झाली आणि तो माड 'हद्दीवरचा' झाला. मी म्हणालो तो माझा. दादा म्हणाला तो त्याचा. रीतसर मोजणी आणली. मोजणीवाल्याने साखळी लावली, नकाशा पाहिला, घाम पुसला आणि रेष नेमकी माडाच्या बुंध्यातून नेली. म्हणजे अर्धा माझा, अर्धा त्याचा. कागदावर हे फार न्यायाचं दिसतं. पण नारळ पडताना कागद बघून पडत नाही, आणि माड थोडा कलता होता. तो कोणीकडे कलता होता, हाच तर वादाचा मुद्दा.

एके दिवशी शब्दाला शब्द लागला. मी जे बोललो ते दादाला लागलं, दादा जे बोलला ते मला. त्यानंतर सहा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. त्याचा ओटा माझ्या ओट्यापासून पन्नास पावलांवर. देवळात तो डावीकडच्या बाकांवर बसायचा, मी उजवीकडच्या. वहिनी आणि आमची ही मात्र पहिल्या दिवसापासून बोलत होत्या, आणि तेही त्याच माडाखाली उभ्या राहून. लोणच्याच्या बरण्या हद्द ओलांडून जात-येत होत्या. त्या दोघींना या भांडणाचं गांभीर्य कधी कळलंच नाही.

गंमत पुढेच आहे. ईस्टरच्या आधीच्या रविवारी आमच्याकडे झावळ्यांचा रविवार असतो. येशू यरुशलेमात आला तेव्हा लोकांनी झाडांच्या फांद्या हाती घेऊन त्याचं स्वागत केलं, म्हणून त्या दिवशी झावळ्या घेऊन मिरवणूक निघते. आमच्या आळीतल्या झावळ्या वडिलांच्या काळापासून त्याच माडाच्या जात. तो मान सोडायला मी तयार नव्हतो, दादाही नव्हता. माडावर चढणाऱ्या गड्याला आदल्या दिवशी मी निरोप पाठवी, दादाही पाठवी. तो एकदाच चढे आणि मजुरी दोघांकडून घेई. या आशीर्वादित झावळीची पाती लोक घरी नेऊन क्रुसामागे खोचून ठेवतात. वर्षभराने ती वाळलेली पाती परत देवळात जमा होतात, जाळली जातात, आणि राखेच्या बुधवारी कपाळाला लावतात ती राख तीच.

म्हणजे पाहा. ज्या माडापायी आम्ही एकमेकांचं तोंड बघत नव्हतो, त्याचीच राख दर वर्षी दोघांच्याही कपाळावर. अर्धी त्याची, अर्धी माझी असं काही फादर मोजून लावत नसत. हे माझ्या लक्षात यायला सहा वर्षं लागली. हिशेबनीस असूनही.

2023 च्या पावसाळ्यात दादाच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. बातमी हिच्याकडून कळली, तिला वहिनीकडून. एका संध्याकाळी मी पायांत चपला घातल्या, कुठे जातो ते सांगितलं नाही आणि हॉस्पिटलच्या रस्त्याला लागलो. फाटकापाशी एक फळवाला होता. त्याच्याकडून डझनभर मोसंबी घेतली. फाटकाच्या आत काही गेलो नाही. आत पुतण्या असेल, वहिनीचे भाऊ असतील, सगळे माझ्याकडे बघतील, दादा भिंतीकडे तोंड करील. असं बरंच काही त्या फाटकाशी उभ्या उभ्या मी मनात घडवून आणलं आणि मोसंबी घेऊन परत आलो. हिने पिशवीत पाहिलं, काही विचारलं नाही. ती मोसंबी घरात कुणी खाल्ली नाहीत. शेवटी सुकली.

पुढचा उपवासकाळ आला. ईस्टरच्या आधी प्रत्येकाने पापनिवेदन करायचं, म्हणजे आमच्या जुन्या शब्दांत कुमसार. त्यासाठी आजूबाजूच्या गावचे धर्मगुरू बोलावतात. कारण रोज ज्या फादरांना तोंड दाखवायचं त्यांच्याकडे लोक भीत भीत जातात, परक्या फादरांकडे मोठी रांग लागते. तिथे ऐकलेलं धर्मगुरूने मरेपर्यंत बाहेर काढायचं नसतं. पापी माणसाला तशी बंदी नाही, म्हणून मी लिहितो आहे.

माझी पापांची यादी ठरलेली आहे. राग, आळस, प्रार्थनेत लक्ष नसणं, डॉक्टरांना खोटं सांगणं. तिच्यावर प्रायश्चित्तही ठरलेलं, तीन वेळा 'नमो मरिया'. त्या बुधवारी जाळीपलीकडे एक तरुण आवाज होता. यादी संपल्यावर मी उठायच्या बेतात होतो. आवाज म्हणाला, "राग कुणाचा?"

असा प्रश्न मला कधी कोणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "असाच, सर्वसाधारण."

"सर्वसाधारण राग नसतो काका. कुणाचा तरी असतो."

मग माड निघाला. मोजणी निघाली. मोसंबीसुद्धा निघाली. मागे रांगेत लोक खोकायला लागले. सगळं ऐकून आवाज म्हणाला, "प्रायश्चित्त म्हणून भावाच्या घरी जाऊन एक कप चहा पिऊन या."

माझ्या जिवात जीव आला. मी नम्रपणे म्हणालो, "फादर, जमणार नाही. उपवासकाळात मी चहा सोडलाय."

जाळीपलीकडे जरा शांतता. मग तो म्हणाला, "मग रविवारी जा. रविवार मोजत नाहीत."

साठ वर्षं जपून ठेवलेलं माझं कलम त्या पोराने माझ्याच अंगावर टाकलं. मी बाहेर आलो तेव्हा रांगेतली माणसं माझ्याकडे अशा नजरेने पाहत होती, जणू मी निदान एक खून तरी कबूल करून आलो आहे.

त्या वर्षी झावळ्यांचा रविवार आणि होळी एकाच दिवशी आली, चोवीस मार्चला. सकाळी त्या माडाच्या झावळ्या मिरवणुकीत गेल्या, आणि दुपारी पलीकडच्या आळीतली मुलं होळीसाठी उरलेल्या मागायला आली. त्यांना मी 'न्या' म्हणालो. पलीकडून दादाचाही आवाज आला, 'न्या रे.' एकाच वस्तूचं दोघांनी दान केलं. चहा प्यायला जायचा दिवस हाच होता. पण मिरवणुकीचं ऊन लागलं होतं; शिवाय संध्याकाळी होळी; शिवाय कुणाच्या घरी न कळवता जाणं बरं दिसत नाही. मी घरीच सहा कप प्यायलो. एकही गोड लागला नाही, आणि ते साखरेवाचून नव्हे.

पवित्र गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सेत पाय धुण्याचा विधी असतो. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले, म्हणून धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतो. पूर्वी बाराही पुरुष असत. 2016 साली पोप फ्रान्सिस यांनी स्त्रियांनाही त्यात बसवलं. मध्ये एका वर्षी आमच्या हिची निवड झाली होती, आणि मी तिच्या चपला सांभाळत खाली बसलो होतो. आमच्याकडे प्रत्येक आळीतून नावं काढतात. 2024 साली आमच्या आळीतून दोन नावं निघाली. दुसरं दादाचं.

हा योगायोग नव्हे, वहिनी आणि आमची ही यांचं कारस्थान, असा मला दाट संशय आहे. चिठ्ठ्या टाकायला त्या दिवशी दोघी गेल्या होत्या.

पाय धुवायचे म्हटल्यावर ते आधी धुवावे लागतात. कुणालाच फादरांपुढे मळका पाय करायचा नसतो. मी वजरीने टाचा घासल्या, साबण लावला, वर थोडी पावडर. बाराही जण असंच करून येतात, त्यामुळे त्या संध्याकाळी फादरांच्या घंगाळात सगळ्या धर्मग्रामातले सर्वांत स्वच्छ पाय पडतात आणि पाण्याला चंदनाच्या साबणाचा वास येतो. वेदीसमोर बारा खुर्च्या मांडल्या होत्या. आळीप्रमाणे बसायचं होतं. दादा माझ्या डाव्या हाताला. मधे एक वीत.

'ग्लोरिया'ला घंटा घणघणली. ती एकदा थांबली की शनिवारच्या रात्रीपर्यंत देवळात घंटा वाजत नाही. लाकडी खटखटं वाजवतात. मग वाचनं, प्रवचन, आणि फादर कमरेला टॉवेल गुंडाळून पहिल्या खुर्चीपाशी आले. उजवा पाय पुढे करायचा. जो तो चपला काढू लागला.

दादाने बूट घातले होते. नाडीचे. ऑपरेशननंतर चपलेत पाय सटकतो म्हणून, असं मागून कळलं. तो वाकला. अर्धा वाकला आणि थांबला. पुन्हा प्रयत्न केला. ऑपरेशन झालेला गुडघा काही त्याचं ऐकेना. फादर तिसऱ्या खुर्चीपाशी पोचले होते. आमची आठवी-नववी. दादाच्या कानशिलावरून घाम ओघळला. देवळात हजारभर माणसं. तो काही कुणाला सांगणार नव्हता, हे मला त्याच्या जन्मापासून, म्हणजे माझ्या जन्मापासून माहीत आहे.

मी खुर्चीतून उतरलो, खाली बसलो आणि त्याच्या बुटाची नाडी सोडली. गाठ पक्की होती, वहिनीची असणार. मोजा काढला. त्याच्या अंगठ्यावर जुना व्रण आहे. मी सात वर्षांचा असताना विळा टाकला होता, तो त्याच्या पायावर पडला होता, आणि 'मीच पाडला' असं त्याने आईला सांगितलं होतं. तो व्रण मी विसरलो होतो. पाय मात्र ओळखीचा होता. अगदी वडिलांचा पाय.

मी मोजा बुटात कोंबला. तेव्हा सहा वर्षांनी दादा माझ्याशी पहिलं वाक्य बोलला. समोर पाहत, ओठ न हलवता, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "वर बस. तुझ्या पायाला पावडर लागलीय, दिसतेय."

मी वर बसलो. फादर आले, आधी त्याचा पाय धुतला, मग माझा. मिस्सा संपल्यावर मी परत खाली बसून त्याच्या बुटाची नाडी बांधली. या वेळी तो म्हणाला, "सैल बांध."

ईस्टरच्या सकाळी, रविवारी, मी दादाच्या घरी गेलो. पन्नास पावलं आहेत. पण मी रस्त्याने वळसा घालून गेलो, कारण हद्दीवरून जाणं बरं दिसलं नसतं. वहिनीने काही न विचारता आधण ठेवलं. हातात मोसंबी होती, डझनभर. दादाने पिशवीत पाहिलं आणि विचारलं, "ही कशाला?" मी म्हणालो, "गुडघ्यासाठी." तो म्हणाला, "त्याला आठ महिने झाले." मी म्हणालो, "भाव उतरायची वाट बघत होतो."

चहा आला. वहिनीने साखर घातली होती. मी काही बोललो नाही. ओट्यावर आम्ही दोघं बसलो. बोलायला काही नव्हतं, म्हणून दोघंही समोर पाहत राहिलो. समोर माड होता. इतकी वर्षं मी तो माझ्या ओट्यावरून पाहिला होता. इकडून पाहायची वेळ आली नव्हती.

इकडून पाहिलं तर तो सरळसरळ दादाच्या बाजूला कलता आहे. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.